पंक्तिसेवा : मंडळीच्या कारभारात आणि उपासनेत सभासदाची जागा

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय एका कुरकुरीने सुरू होतो. यरुशलेममधली पहिली ख्रिस्ती मंडळी तेव्हा झपाट्याने वाढत होती आणि मंडळीतल्या गरजूंना रोज अन्न वाटलं जात होतं. या मंडळीत दोन गट होते. एक गट तिथल्याच, अरामी बोलणाऱ्या इब्री लोकांचा. दुसरा परदेशातल्या शहरांतून येऊन राहिलेल्या, ग्रीक बोलणाऱ्या हेल्लेणी यहूद्यांचा. हेल्लेण्यांची तक्रार अशी होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं.

धर्म एक, गाव एक, देव एक. आणि तरीही पंक्तीत वाढताना भाषेने वेगळ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका मागे राहिल्या. सगळा प्रसंग सात वचनांत संपतो. पण मंडळीचा कारभार कोणी चालवायचा, उपासनेत कोणी भाग घ्यायचा, सामान्य सभासदाला त्यात जागा आहे का, या प्रश्नांचा अभ्यास करायचा तर सुरुवात इथूनच केलेली बरी.

एक खुलासा आधीच करतो. कुणी पॅरिश म्हणतं, कुणी पास्टोरेट, वसईकडे धर्मग्राम म्हणतात, गोव्यात फिर्गज. या लेखात सगळ्यांसाठी ‘मंडळी’ हाच शब्द वापरला आहे. आपल्या साहित्य मंडळाचे जे सभासद ख्रिस्ती नाहीत, त्यांनीही हा लेख परका समजू नये. वार्षिक सभेला कोरम भरत नाही हे दुखणं चर्चचं एकट्याचं नाही.

१. तक्रारीचं उत्तर कसं दिलं?

प्रेषितांनी काय केलं ते पाहण्याआधी, त्यांनी काय केलं नाही ते बघा. ‘देवाच्या घरात तक्रार करू नये’ असं म्हणून त्यांनी लोकांना गप्प बसवलं नाही. ‘आता आम्हीच लक्ष घालतो’ म्हणून सगळं काम स्वतःच्या अंगावरही ओढून घेतलं नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं की तुमच्यातलेच चांगल्या नावाचे, आत्म्याने व शहाणपणाने भरलेले सात जण तुम्ही निवडा. लोकांना हे पटलं. त्यांनी सात जण निवडले, प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले.

निवड लोकांची, नेमणूक प्रेषितांची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकमेकींना न खोडता झाल्या.

आता त्या सात जणांची नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. त्यावरून अनेक अभ्यासक असा अर्थ काढतात की ज्या गटाची तक्रार होती त्याच गटातल्या माणसांच्या हाती मंडळीने वाटपाची पळी दिली. इब्री लोकांनी ‘बाहेरून आलेल्यांनी आम्हाला शिकवू नये’ असं म्हटल्याची नोंद नाही.

दुर्लक्ष झालं ते कुणी मुद्दाम केलं असं लेखक म्हणत नाही. वाढणाऱ्यांत त्या विधवांना ओळखणारं, त्यांची भाषा बोलणारं, ‘अहो, त्या कोपऱ्यात अजून वाढायचं राहिलंय’ असं सांगणारं कुणी नसावं, असं वाटतं. कारभाराच्या जागी आपलं कुणी नसलं की वाईट हेतूशिवायही अन्याय होतो. हाच या अभ्यासाचा मुख्य मुद्दा आहे.

२. सेवा : एक शब्द, दोन कामं

या उताऱ्याच्या मूळ ग्रीक भाषेत एक गंमत आहे. रोजच्या अन्नवाटपासाठी जो शब्द वापरला आहे तो ‘दियाकोनिया’. पुढे प्रेषित म्हणतात की आम्ही वचनाच्या सेवेत राहू. तिथेही शब्द ‘दियाकोनिया’च. म्हणजे जेवण वाढणं आणि वचन सांगणं ही दोन्ही कामं एकाच नावाने ओळखली आहेत. डीकन हा शब्द याच कुळातला. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात यासाठी ‘पंक्तिसेवा’ आणि ‘वचनाची सेवा’ असे शब्द आले आहेत, आणि ते इतके चपखल आहेत की मराठीत पंक्ती वाढलेल्या कुणालाही वेगळं समजावून सांगायला नको.

तरी आपण मनात दोन कप्पे करतो. प्रार्थना, गायन, प्रवचन हे ‘आध्यात्मिक’. जमा-खर्च, पाण्याचं बिल, दफनभूमीची भिंत, संडे स्कूलच्या पुस्तकांचा पुरवठा हे ‘व्यवहाराचं’. पहिल्या कप्प्यात पाळक किंवा धर्मगुरू, दुसऱ्यात चार-पाच अनुभवी गृहस्थ. उरलेले आपण बाकावर. प्रेषितांच्या पुस्तकात ही विभागणी टिकत नाही. पंक्तिसेवेसाठी निवडलेला स्तेफन पुढच्याच ओळींत लोकांसमोर बोलताना दिसतो आणि शेवटी त्याच साक्षीसाठी प्राण देतो. फिलिप्प शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगतो. ताटं वाढणाऱ्यांना बोलायचा अधिकार नाही असं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

‘मंडळी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘चर्च’ म्हटलं की डोळ्यांसमोर घंटेचा मनोरा येतो. ‘मंडळी’ म्हटलं की माणसं येतात. दारात उभं राहून आपण ‘या मंडळी’ म्हणतो, जेवणाच्या वेळी ‘काय मंडळी, बसायचं का?’ विचारतो. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ हाही माणसांच्या जमण्याचाच आहे. ग्रीक नगरांत निर्णय घेण्यासाठी जमणाऱ्या नागरिकांच्या सभेला तेच नाव होतं. इफिसकरांची नगरसभा याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात त्याच शब्दाने येते. म्हणजे आपल्या धर्माने स्वतःसाठी निवडलेलं नावच मुळात सभेचं आहे. सभेत प्रेक्षक नसतात, सभासद असतात.

३. उपासना ऐकायची की करायची?

करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय म्हणजे त्या काळच्या उपासनेचं जवळजवळ आँखो देखा वर्णन आहे. तुम्ही जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काहीतरी असतं, असं तो सांगतो : कुणाजवळ स्तोत्र, कुणाजवळ शिकवण, कुणाजवळ अर्थ. एवढं म्हणून तो लगेच शिस्तीचंही सांगतो. सगळे एकदम बोलू नका, जे होईल ते मंडळीच्या उभारणीसाठी होऊ द्या. त्याच अध्यायात आणखी एक साधा प्रश्न आहे. तू काय म्हणतोस तेच समोरच्या साध्या माणसाला कळलं नाही, तर तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणणार?

आमेन म्हणणं म्हणजे सही करणं. न वाचता सही करू नये हे घरात आपल्याला लहानपणापासून शिकवतात. उपासनेतही तेच लागू आहे. म्हणून उपासनेची भाषा हा सहभागाचा पहिला प्रश्न ठरतो.

आपल्या भागातलं याचं मोठं उदाहरण म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून आलेले जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात पोचले. त्यांचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघालं. हा ग्रंथ कसा जन्मला याची हकिकत ग्रंथातच सुरुवातीला आली आहे. ख्रिस्ती शिकवण चाललेली असताना एक नवख्रिस्ती माणूस पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? बाकावर बसलेल्या एका सभासदाच्या प्रश्नातून मराठीचा एक मोठा ग्रंथ उभा राहिला. तो विचारायला लाजला असता, ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणाला असता, तर?

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढून गोव्यातल्या लोकांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज वापरावी असा हुकूम दिला. ख्रिस्तपुराण छापल्याला तेव्हा सत्तर वर्षंही झाली नव्हती. कुणालाही न विचारता वरून घेतलेला भाषेचा निर्णय काय करतो, याचे परिणाम गोव्याने पुढे दीर्घकाळ भोगले.

अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) वेगळं काम केलं. त्यांनी मराठी मंडळीला अभंग, भजन आणि कीर्तनाच्या वळणाची गीतं दिली. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून ती आजही गायली जातात. ज्या चाली कानात आधीपासून होत्या त्या उपासनेत आल्यावर मागच्या बाकावरची आजीही पुस्तक न उघडता गाऊ लागली. टिळकांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केलं. कधी शाळेत न गेलेल्या बाईंनी ते काम केलं, हे ‘आम्हाला कुठे एवढं येतंय’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कॅथलिक चर्चमध्ये हा मुद्दा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) अगदी स्पष्ट केला. डिसेंबर १९६३ मध्ये मंजूर झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात असं म्हटलं आहे की उपासनेत सर्व श्रद्धावंतांनी पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय भाग घ्यावा, आणि तो त्यांचा बाप्तिस्म्यामुळे आलेला हक्क व कर्तव्य आहे. लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा होऊ लागली ती त्यानंतर. १९७२ मध्ये वाचक आणि वेदीसेवक या सेवा प्रापंचिक पुरुषांना खुल्या झाल्या. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या स्त्रियांनाही खुल्या केल्या. प्रोटेस्टंट परंपरेत लोकभाषा आणि मंडळीचं सामूहिक गायन सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेपासूनच मुळाशी आहे.

थोडक्यात, दार उघडं आहे. आत जायचं की उंबरठ्यावर उभं राहून आतलं चांगलं नाही म्हणायचं, हा आपला प्रश्न आहे.

४. कारभार : नियमांनी दिलेली जागा

पुष्कळ सभासदांना वाटतं की कारभारात आपल्याला जागाच नाही. निरनिराळ्या चर्चचे नियम पाहिले तर चित्र वेगळं दिसतं.

दक्षिण भारत चर्च (सीएसआय) २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये स्थापन झालं, उत्तर भारत चर्च (सीएनआय) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात. वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या त्यांत एक झाल्या. काहींना बिशप हवे होते, काहींना वडीलमंडळ, काहींमध्ये मंडळीच सर्व ठरवायची. म्हणून बिशप, पाळकवर्ग आणि सामान्य सभासद या तिघांनी मिळून कारभार करायचा ही कल्पना या चर्चच्या रचनेत आली. स्थानिक पातळीवर पास्टोरेट कमिटी असते, तिच्यात मंडळीने निवडलेले लोक बसतात. वरच्या धर्मप्रांतीय सभेतही पाळकांबरोबर सामान्य सभासदांचे प्रतिनिधी जातात. मेथडिस्ट चर्चमध्ये पाळकांची नेमणूक बिशप करतात, पण वार्षिक परिषदेत पाळकेतर प्रतिनिधी असतात. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची मंडळी काँग्रिगेशनल परंपरेची. तिथे सभासदांच्या मताला आरंभापासून वजन होतं.

कॅथलिक चर्चमध्ये अंतिम निर्णय धर्मगुरूंचा असतो, हे खरं. पण १९८३ चा चर्चचा कायदा, म्हणजे कॅनन लॉ, काय सांगतो तेही माहीत असावं. ५३७ व्या कलमानुसार प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असलीच पाहिजे. ५३६ व्या कलमात पॅरिश पास्टोरल कौन्सिलची तरतूद आहे. तिचं मत सल्ल्यापुरतं असतं आणि ती स्थापायची की नाही हे बिशप ठरवतात. २१२ वं कलम म्हणतं की श्रद्धावंतांना आपलं मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही असतं. १२८७ व्या कलमानुसार लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यायचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनडने तर अशी सहभागाची मंडळं सक्तीची करावीत असा आग्रह धरला आहे.

हिशेबाबद्दल बोलायला पुष्कळांना संकोच वाटतो. ‘देवाच्या पैशाचा हिशेब काय विचारायचा?’ पौलाला हा संकोच नव्हता. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीचा विषय आहे. ती रक्कम घेऊन जाताना मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ आपल्याबरोबर आहे, असं तो मुद्दाम सांगतो. कारणही देतो : एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवू नये, आणि आपलं वागणं प्रभूच्या नजरेत तसंच माणसांच्या नजरेतही चोख असावं. प्रेषिताला साक्षीदार बरोबर घ्यावासा वाटला, तर आपल्या खजिनदारांना हिशेब विचारण्यात अपमान कसला? प्रामाणिक खजिनदाराला उलट त्याने आधारच मिळतो.

जागा कुणाला मिळते हा प्रश्नही टाळता येत नाही. गोव्यात चर्चच्या ‘कॉन्फ्रारिया’ या संस्थांमधून प्रापंचिक लोक शतकानुशतकं सण, खर्च आणि मानपान सांभाळत आले. सहभागाची ही जुनी परंपरा मोलाची आहे. पण अनेक ठिकाणी या कॉन्फ्रारियांचं सभासदत्व जातीवर बांधलेलं होतं, आणि कुठल्या सणाचा मान कुणाचा यावरून भांडणं झाली. म्हणजे नुसता सहभाग पुरेसा नाही. दार सर्वांसाठी उघडं आहे का, हे तपासावं लागतं. सीएसआयच्या नंद्याळ धर्मप्रांतात २०१३ मध्ये पहिल्यांदा एक स्त्री बिशप झाली. पण गावोगावच्या कमिट्यांत बायका नावापुरत्या आहेत की बोलतात, हे ज्याने त्याने आपल्या मंडळीत बघावं.

५. मग खुर्च्या रिकाम्या का?

नियम जागा देतात, तरी ती रिकामी राहते. याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत.

पहिलं : ‘तेच तेच लोक असतात.’ खरं आहे. पण ते तेच तेच लोक बहुतेक वेळा दुसरं कुणी पुढे न आल्यामुळे राहिलेले असतात. वीस वर्षं चिटणीस राहिलेल्या काकांना विचारून बघा, त्यांनाही सुटका हवी असते. आणि समजा नसेलच हवी, तरी निवडणुकीला उमेदवार एकच असेल तर दोष फक्त काकांचा कसा?

दुसरं : ‘तिथे राजकारण असतं.’ असतं. चार माणसं जमली की मतभेद होणारच. यरुशलेमच्या मंडळीतही झाले. मंडळीच्या मालमत्तेवरून कोर्टकचेऱ्या झालेल्या आपण ऐकतो. पण चांगली माणसं कंटाळून उठून गेली म्हणजे राजकारण संपत नाही, ते सोपं होतं.

तिसरं : ‘आम्हाला काय कळतंय?’ नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय यासाठी वाचावा. यरुशलेमचा पडलेला तट बांधायला कोण कोण आलं याची ती यादी आहे. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, अत्तरं करणारे आहेत, व्यापारी आहेत. गवंडीकाम हा यांतल्या कुणाचाच धंदा नव्हता. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही बांधकामाला होत्या. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधला. तकोवा गावच्या लोकांनी काम केलं, पण त्यांच्या बड्या लोकांनी खांदा दिला नाही, हेही लेखकाने लिहून ठेवलं आहे. सगळा तट कुणालाच बांधायचा नव्हता. घरासमोरचा तुकडा मात्र प्रत्येकाला होता.

चौथं कारण तरुणांचं : ‘आम्हाला विचारतं कोण?’ या तक्रारीत तथ्य आहे. नाताळचं डेकोरेशन, स्पीकर आणि खुर्च्या यांसाठी तरुण संघ आठवतो, अंदाजपत्रक करताना आठवत नाही. ज्येष्ठांनी यावर विचार करायला हवा. पण हेल्लेण्यांनाही आधी कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आवाज उठवला, आणि मग जबाबदारी आली तेव्हा ती घेतली. नुसती कुरकुर करून ते घरी गेले नाहीत.

६. आपल्या भागात पणाला काय लागलंय?

आतापर्यंतचं सगळं कुठल्याही मंडळीला लागू आहे. आता आपल्याबद्दल बोलू. बेळगाव, गोवा, बडोदा, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक अनेक भाषांच्या शेजारात राहतात. कन्नड, कोंकणी, गुजराती, हिंदी, तेलुगू, आणि सगळीकडे इंग्रजी. एकाच चर्चमध्ये दोन-तीन भाषांत उपासना चालते. आपण इथे काही प्रमाणात हेल्लेणी आहोत.

ही परिस्थिती दुःखाची नाही, समृद्धीची आहे. बाबा पद्मनजी (१८३१–१९०६) बेळगावात जन्मले. १८५७ चं त्यांचं ‘यमुनापर्यटन’ मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांत गणलं जातं. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीबाहेरही घडला, याचा हा ढळढळीत पुरावा.

पण मराठी उपासना आपोआप टिकत नाही. ती कशी संपते ते बघा. वाचायला कुणी मिळत नाही, म्हणून दर रविवारी एकच गृहस्थ वाचतात. पेटी वाजवणारे थकतात, म्हणून गीतं दोनच होतात. हजेरी घटते, म्हणून वेळ बदलून गैरसोयीची होते. मग एखाद्या सभेत ठराव येतो की मराठी उपासना महिन्यातून एकदा पुरे. त्या सभेला मराठी सभासद किती असतात? घरी बसून हळहळणारे मात्र पुष्कळ.

अशा ठरावामागे दुष्टपणा नसतो. दुर्लक्ष असतं, आणि ‘अहो, त्या कोपऱ्यात अजून वाढायचं राहिलंय’ असं सांगणारं कुणी त्या टेबलाशी बसलेलं नसतं. उपासनेतली गैरहजेरी आणि कारभारातली गैरहजेरी अशी एकमेकींना धरून चालतात. जो रविवारी वाचत नाही तो सभेत बोलत नाही. आणि जो सभेत बोलत नाही त्याची रविवारची भाषा दुसरं कुणी ठरवतं.

इथे उलटी बाजूही सांभाळायची आहे. ज्या मंडळीत मराठी बोलणारे जास्त आहेत, तिथे कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या थोड्या कुटुंबांच्या ताटाकडे आपलं लक्ष आहे का? सात ग्रीक नावं निवडण्याइतकं मन आपल्याला दाखवता आलं, तरच आपल्या मागणीला वजन येईल.

७. सुरुवात कुठून करायची?

यादीत नाव बघा. तुमचं नाव सभासद यादीत आहे का? हॉस्टेलवर राहणाऱ्यांचं नाव गावच्या मंडळीत असतं आणि माणूस दुसरीकडे. दृढीकरण, वर्गणी, हजेरी यांपैकी मतदानासाठी काय लागतं ते आपल्या पाळकांना किंवा चिटणिसांना विचारा. घटनेची किंवा नियमांची प्रत मागून वाचा.

शास्त्रपाठ वाचायची जबाबदारी घ्या. शनिवारी उतारा दोनदा मोठ्याने वाचा. जुन्या भाषांतरातली वाक्यं लांब असतात. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने खूण करा. ‘नबुखद्नेस्सर’सारखी नावं आधी जिभेवर बसवा. वाचताना घाई करू नका. मागच्या बाकावरच्या आजीला ऐकू गेलं पाहिजे. साहित्य मंडळात काव्यवाचन करणाऱ्यांना हे अवघड नाही.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपलं गाव येऊ द्या. पाऊस, परीक्षा, गल्लीतलं आजारपण, कामावरून कमी झालेले लोक, शेजारच्या धर्मांची माणसं. प्रार्थना लिहून आणलीत तरी चालते.

सभेचं इतिवृत्त मराठीत नीट लिहून द्या. हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून मागितलं तर लगेच मिळतं. आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याला कारभार सगळ्यांत लवकर कळतो.

जमा-खर्च वाचायला शिका. आरंभीची शिल्लक किती, अखेरची किती, आणि मधला फरक जमा-खर्चातून जुळतो का? कापणीच्या सणाचा लिलाव, इमारत निधी, गरिबांचा निधी असे ज्या कामासाठी पैसे गोळा झाले त्याच कामी गेले का? प्रश्न सभेपूर्वी लेखी द्या म्हणजे उत्तर तयार ठेवता येईल. विचारताना आरोपाचा सूर नको. एका ओळीत, नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत.

आणि शेवटचं म्हणजे, आपलं मत हरलं तरी पुढच्या रविवारी या. सहभागाची खरी परीक्षा जिंकल्यावर होत नाही.

पहिल्या मंडळीतल्या त्या प्रसंगाचा शेवट लेखकाने असा दिला आहे की वचनाचा प्रसार होत गेला आणि शिष्यांची संख्या फार वाढली. पंक्तीची नीट व्यवस्था लागली, आणि वचनाला वाट मोकळी झाली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. प्रेषितांची कृत्ये ६:१–७ वाचा. तुमच्या मंडळीत आज ‘हेल्लेणी’ कोण आहेत? त्यांच्यापैकी कुणी कमिटीवर आहे का?

२. गेल्या तीन महिन्यांत तुमच्या उपासनेत किती वेगवेगळ्या लोकांनी शास्त्रपाठ वाचला? त्यांत पंचविशीच्या आतले किती?

३. पाळकांचा अधिकार आणि सभासदांचं मत यांत तणाव आला तर काय करावं? सात जणांच्या निवडीत ‘निवड’ आणि ‘हात ठेवणं’ यांचं जे नातं दिसतं, त्यावरून चर्चा करा.

४. नहेम्याचा तिसरा अध्याय डोळ्यांसमोर ठेवून तुमच्या ‘घरासमोरचा तुकडा’ कुठला, ते एका वाक्यात लिहा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ही वाक्यं एकमेकांना वाचून दाखवू, आणि कोणी कामाला हात घातला तेही विचारू.